गेलिक की रग्बी? एकाच दुपारी दोन सामने आणि आयर्लंडचं वेळापत्रक

लिफीकाठ (धागाकर्ता)

१३ जुलै २०२४, शनिवार. इथल्या घड्याळात दुपारी चारला, डर्बनमध्ये आयर्लंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका, रग्बीची दुसरी कसोटी. साडेपाचला डब्लिनच्या क्रोक पार्कवर आर्मा विरुद्ध केरी (दोन्ही काउंट्या, म्हणजे जिल्हे), गेलिक फुटबॉल या हातापायांनी खेळायच्या आयरिश खेळाच्या ऑल-आयर्लंड अजिंक्यपदाची उपांत्य फेरी. रग्बीचा सामना म्हणायला ८० मिनिटांचा. मध्यंतर, जखमी खेळाडू, व्हिडिओवर तपासणी हे सगळं धरलं की पावणेदोन तास कुठेच गेले नाहीत. म्हणजे किरन फ्रॉलीने अगदी शेवटी ड्रॉप गोल मारून २५-२४ असा सामना काढला, तेव्हा क्रोक पार्कवर खेळ सुरूही झाला होता. तो सामनाही लिंबूटिंबू नव्हता. जादा वेळेत गेला, आर्माने केरीला घरी पाठवलं आणि पंधरा दिवसांनी गॉलवेला हरवून २००२ नंतर पहिल्यांदा करंडक नेला.

हे दोन्ही सामने एकाच बेटावरच्या लोकांचे. बेट उत्तर-दक्षिण मिळून जेमतेम ७० लाखांचं. 'गेलिकवाले वेगळे, रग्बीवाले वेगळे' असं बाहेरून वाटतं. काही ठिकाणी ते खरंही आहे, पण बऱ्याच घरांत एकाच खुंटीवर दोन्ही जर्सी लटकलेल्या असतात. रॉबी हेनशॉ वेस्टमीथ काउंटीकडून मायनर (कुमार) गटात गेलिक फुटबॉल खेळलेला, रॉब कर्नी लाउथकडून. मिक गॅलवीकडे तर केरीचं १९८६चं ऑल-आयर्लंड पदक आहे आणि पुढे तो मन्स्टर प्रांत आणि आयर्लंडकडून रग्बी खेळला.

मला इथे राहून जे समजलंय ते असं. रग्बीचं वेळापत्रक खूप आधी ठरतं आणि बरंचसं आयर्लंडच्या बाहेर ठरतं. रग्बीच्या सिक्स नेशन्स स्पर्धेत सहा देशांच्या वाहिन्यांचे पैसे गुंतलेले. यूआरसी या रग्बी लीगमध्ये आयर्लंडच्या चार प्रांतांबरोबर (लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर, कॉनॉक्ट) वेल्स, स्कॉटलंड, इटली आणि २०२१ पासून दक्षिण आफ्रिकेचे संघ. २०२६ची सिक्स नेशन्स फ्रान्स-आयर्लंड सामन्याने चक्क गुरुवारी, ५ फेब्रुवारीला सुरू झाली, कारण शुक्रवारी इटलीत हिवाळी ऑलिंपिकचं उद्घाटन होतं. ऑलिंपिकसाठी ही मंडळी सरकतात. रॉसकॉमनच्या लीग सामन्यासाठी कोण सरकणार?

उलट जीएएचा, म्हणजे गेलिक खेळांच्या संघटनेचा, कारभार पूर्ण घरचा, पण तारखा शेवटपर्यंत हलत राहतात. शनिवार-रविवार कोणता ते आधी कळतं. मैदान, दिवस आणि थ्रो-इनची, म्हणजे सामना सुरू व्हायची, वेळ मात्र बाद फेऱ्यांत मागचा निकाल लागल्यावरच ठरते, कारण कोण जिंकलं त्यावर कोणाला किती लांब जायचं ते अवलंबून. म्हणजे एकाने सहा महिने आधी खुर्चीवर रुमाल टाकून ठेवलेला असतो आणि दुसरा दहा दिवस आधी येऊन त्याच खुर्चीकडे बघतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला बरं. टीव्हीवरच्या चकमकींवर वर्तमानपत्रांत रकाने भरतात, पण तो प्रश्न किरकोळ आहे. रेकॉर्ड करा, रात्री बघा. खरा तिढा आहे चौदा ते सतरा वयाच्या मुलामुलींचा. त्यांना रेकॉर्ड करता येत नाही, कारण त्यांना तिथे खेळायचं असतं. तुमच्या गावात काय अनुभव आहे?

---

पेठकरी

वाचतोय. पुण्यात बसून एक मूलभूत शंका. क्रोक पार्क हे त्यांचं राष्ट्रीय मैदान ना? मग तिथेच दोन्ही खेळ एकापाठोपाठ का नाही घेत? आणि त्यांचा दुसरा गेलिक खेळ हर्लिंग म्हणजे हॉकीच ना, फक्त जास्त मारामारीची?

---

लिफीकाठ

@पेठकरी, हर्लिंगला हॉकी एखाद्या टिपररीवाल्यासमोर म्हणू नका, एवढीच विनंती. लाकडी काठी म्हणजे हर्ली, चामड्याचा चेंडू म्हणजे सिलॉटर, तो हवेतल्या हवेत मारता येतो, हाताने झेलता येतो. इंग्रजी एच अक्षरासारखे खांब, आडव्या दांड्याखालून गेला तर गोल म्हणजे तीन गुण, वरून गेला तर एक.

क्रोक पार्क सरकारचं नाही, जीएएचं स्वतःचं. ८२,३०० प्रेक्षक बसतात. संस्था १८८४ मध्ये थर्ल्सच्या हेज हॉटेलात स्थापन झाली, आणि जन्मापासून तिचा रोख इंग्रजी खेळांच्या विरोधात. २००५ पर्यंत तिथे रग्बी, सॉकर (आपलं नेहमीचं फुटबॉल) खेळायलाच परवानगी नव्हती. नियम ४२ म्हणतात तो हाच. एप्रिल २००५च्या अधिवेशनात २२७ विरुद्ध ९७ मतांनी तो शिथिल झाला, कारण रग्बीचं लॅन्सडाउन रोड मैदान पाडून नव्याने बांधायचं होतं. रग्बीचा पहिला सामना ११ फेब्रुवारी २००७, फ्रान्सविरुद्ध, तो हरले. दोन आठवड्यांनी इंग्लंडला ४३-१३. ज्या मैदानावर १९२० साली ब्रिटिश दलांनी गोळीबार करून १४ जणांचे जीव घेतले, तिथे 'गॉड सेव्ह द क्वीन' वाजलं आणि लोक शांतपणे ऐकत उभे राहिले. त्यावर वेगळा धागा होईल.

---

शॅननकाठची

लिमरिकमधून हजेरी. आमच्या शहरात हा प्रश्न पाठ्यपुस्तकात घालावा इतका स्वच्छ दिसतो. थॉमंड पार्क आणि गेलिक ग्राउंड्स, दोन्ही शॅननच्या एकाच तीरावर, चालत जाण्याच्या अंतरावर. डब्लिनमध्ये रग्बी म्हणजे महागड्या खाजगी शाळांचा खेळ, असं सगळे म्हणतात. इथे तसं नाही. इथे बंदरातला हमाल आणि डॉक्टर उभं राहून बघायच्या एकाच स्टँडात ओरडतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच दोघे हर्लिंगला.

२०२३चा मे महिना घ्या. शनिवारी २७ तारखेला केप टाउनमध्ये मन्स्टरने स्टॉर्मर्सला १९-१४ हरवून यूआरसी जिंकली. रविवारी २८ला गेलिक ग्राउंड्सवर लिमरिक विरुद्ध कॉर्क, हरलो तर चॅम्पियन असूनही प्रांतिक फेरीतच गारद होण्याची भीती. ३-२५ विरुद्ध १-३०, म्हणजे ३४ विरुद्ध ३३, एका गुणाने सुटलो. त्याच वर्षी जुलैत लागोपाठ चौथा ऑल-आयर्लंड. ते दोन दिवस आमच्या वॉर्डात ड्यूटीची अदलाबदल करताना जे राजकारण झालं, त्यापुढे महाविकास आघाडीचं जागावाटप सोपं वाटेल.

इथे दोन दिवसांत दोन सामने बसले, म्हणून सगळे खूश होते. तेच दोन्ही शनिवारी असते तर अर्धं शहर केप टाउनला नि अर्धं मैदानात, आणि दोन्हीकडे लोक फोनमध्ये डोकं घालून.

---

खवचट_काका

जीएएने आता वेळापत्रकाची तक्रार करावी म्हणजे कमाल आहे. १९७१ पर्यंत यांच्या सभासदाने रग्बी, सॉकर, क्रिकेट खेळलं किंवा नुसतं बघितलं तरी हकालपट्टी! देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड, गेलिक भाषेसाठी आयुष्य घालवलेला माणूस, संस्थेचे आश्रयदाते. १९३८ मध्ये पदाचं काम म्हणून सॉकरच्या सामन्याला बसले, तर काढून टाकलं. मॉस कीन नावाचा केरीचा दांडगा गेलिक खेळाडू कॉर्कच्या कॉलेजात लपून रग्बी खेळायचा, 'मॉस फेंटन' या नावाने. पुढे आयर्लंडकडून पन्नासच्या वर सामने खेळला.

थोडक्यात, तेव्हा वेळा जुळत नव्हत्या असं कोणी म्हणत नव्हतं, कारण बघायलाच बंदी होती. आता सगळं उघडलं तर म्हणे तारखा जुळत नाहीत. आणि सप्टेंबरातल्या फायनली जुलैत कोणी आणल्या? रग्बीवाल्यांनी?

---

कॉर्कवासी

काका, इतिहास बरोबर, निष्कर्ष घाईचा.

फायनली जुलैत आणल्या त्या क्लब खेळाडूंसाठी. पूर्वी हर्लिंगची फायनल सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी आणि फुटबॉलची तिसऱ्या रविवारी असायची. ऐकायला छान, शाळा सुरू झालेल्या, हवेत गारवा. पण काउंटीचा संघ स्पर्धेत असेपर्यंत त्या काउंटीतल्या क्लबांचे सामने लटकलेले. काउंटीकडून खेळणारे तीसेक जण, आणि त्यांच्यासाठी हजारो साधे खेळाडू उन्हाळाभर वाट बघत. सुट्टी कधी काढायची, लग्न कधी ठेवायचं, काही कळायचं नाही. म्हणून २०२२ पासून हंगाम दोन तुकड्यांत: जानेवारी ते जुलै काउंटी, नंतर क्लब. हे सगळे हौशी खेळाडू आहेत हे विसरू नका. ऑल-आयर्लंड फायनल खेळलेला मास्तर सप्टेंबरात वर्गात फळ्यापुढे उभा असतो.

याचा रग्बीवर उलटा परिणाम झाला. पूर्वी विश्वचषक आला की सप्टेंबरात टक्कर. २०११ आठवा: शनिवारी सकाळी साडेनऊला आयर्लंडने ऑकलंडमध्ये ऑस्ट्रेलियाला १५-६ हरवलं आणि रविवारी गेलिक फुटबॉलच्या फायनलमध्ये गोलरक्षक क्लक्स्टनच्या शेवटच्या फ्री किकवर डब्लिनने केरीला एका गुणाने. पब सकाळी उघडले ते सोमवारीच बंद झाले म्हणतात. आता सप्टेंबर मोकळा झाला, पण सगळी गर्दी एप्रिल-मे-जूनमध्ये दाटली. युरोपियन रग्बीच्या बाद फेऱ्या नि यूआरसीचा शेवट एप्रिल ते जूनमध्ये, आणि मन्स्टर हर्लिंगच्या राउंड रॉबिनचे सामनेही तेव्हाच. दर रविवारी जीव टांगणीला लावणारं हर्लिंग पंधरा-वीस आठवड्यांत कोंबल्यावर कुठेतरी धडकणारच. वर मे महिन्याच्या शनिवारी पोरांचे फर्स्ट कम्युनियन, म्हणजे चर्चमधले सोहळे, असतात, ते आणखी निराळं.

मला हा बदल मान्य आहे. पण सप्टेंबरात वर्तमानपत्राचं शेवटचं पान उघडलं की काहीतरी चुकल्यासारखं होतं, हेही खरं.

---

माळरान

सांगलीतून. आमच्याकडे कबड्डीच्या स्पर्धा आणि आयपीएल एकाच वेळी आल्या की रात्रीच्या प्रकाशझोतातल्या सामन्याला प्रेक्षक रोडावतो. तसंच झालं की हे.

---

लिफीकाठ

@माळरान, थोडं तसं, पण एक मोठा फरक. आयपीएलपुढे कबड्डी धाकटी ठरते. इथे उलट आहे. मैदानं, क्लब, गावोगावचं जाळं यात जीएए थोरली. प्रत्येक परगण्यात क्लब, बऱ्याच ठिकाणी चर्चच्या पॅरिशवरून नाव. रग्बीकडे पगारी खेळाडू, परदेशी पैसा, जागतिक नाव. त्यामुळे कोण कोणाला दबकतो ते महिन्यागणिक बदलतं. फेब्रुवारीत आयर्लंडचा सिक्स नेशन्सचा घरचा सामना असला की जीएए लीगचे सामने गुपचूप शनिवारी रात्री दिव्यांखाली किंवा रविवारी सरकतात. जुलैत कसोटी दौरा असला की रग्बी परदेशात सकाळी-दुपारी उरकते आणि गाव क्रोक पार्ककडे निघतं.

१६ जुलै २०२२ला आयर्लंडने वेलिंग्टनमध्ये न्यूझीलंडविरुद्धची मालिका जिंकली, आमच्याकडे शनिवारी सकाळ. दुसऱ्या दिवशी लिमरिक-किल्केनी हर्लिंग फायनल. कोणी आखून बसवलं नव्हतं, नशिबाने बसलं.

---

डॉकीची_अनुजा

दक्षिण डब्लिनची बाजूही येऊ द्या. इथे शेजारी विचारतात 'मुलगा कुठल्या शाळेत?' आणि त्यातून त्यांना रग्बीचा संघ कळतो.

१७ मार्च २०१८. सेंट पॅट्रिक्स डे, शनिवार. ट्विकनहॅमला आयर्लंडने इंग्लंडला २४-१५ हरवून ग्रँड स्लॅम घेतला, म्हणजे स्पर्धेतले सगळे सामने जिंकले. त्याच दुपारी क्रोक पार्कवर ऑल-आयर्लंड क्लब फायनली. हर्लिंगमध्ये कोण कोण? आमच्या डॉकीचा कुआला आणि लिमरिकचा ना पिअरसिग. म्हणजे आयर्लंडात रग्बी ज्या दोन गावांच्या अंगात मुरलंय असं म्हणतात, नेमके तिथलेच दोन हर्लिंग क्लब! लोक क्रोक पार्कच्या पायऱ्यांवर बसून फोनवर ट्विकनहॅमचा स्कोअर बघत होते. हर्लिंगची फायनल जादा वेळेनंतरही बरोबरीत सुटली, पुढच्या आठवड्यात पोर्टलीशला फेरसामना, तो कुआलाने घेतला. मला विचाराल तर ही धडक सगळ्यात अनावश्यक होती. सिक्स नेशन्सचा शेवटचा शनिवार कोणता ते वर्षभर आधी माहीत होतं आणि क्लब फायनल १७ मार्चला असते हे अख्ख्या देशाला पाठ होतं.

आता क्लब फायनली जानेवारीत गेल्यात, २०२० पासून. तेवढा एक गुंता सुटला. पण सुटला तो रग्बीसाठी नाही, क्लबचा हंगाम दोन वर्षांवर पसरू नये म्हणून. एकमेकांशी बोलून काही ठरलंय असं मी तरी इथे पाहिलेलं नाही.

---

पेठकरी

सकाळी उघडलेले पब सोमवारी बंद... हा देश मला आवडायला लागलाय.

---

लागान_नदी

बेलफास्टहून लिहिते. वर म्हटलंय की एकाच खुंटीवर दोन जर्सी. आमच्याकडे ते वाक्य जपून वापरावं लागतं. उत्तरेत रग्बी वाढली ती बव्हंशी प्रोटेस्टंट ग्रामर शाळांत, गेलिक कॅथलिक शाळांत. रॅव्हनहिलवर अल्स्टर आणि पश्चिम बेलफास्टात केसमेंट पार्क, ही दोन जगं. केसमेंट २०१३ पासून बंद पडलंय, गवत उगवलंय. उत्तरेतल्या पोलीस आणि ब्रिटिश लष्करातल्या माणसांना जीएएचं सभासदत्व नाकारणारा नियम २००१ मध्ये रद्द झाला, म्हणजे फार जुनी गोष्ट नव्हे.

त्यामुळे इथे अल्स्टर रग्बी आणि अल्स्टर फुटबॉल फायनल एकाच दिवशी आली तरी प्रेक्षक फारसे वाटले जात नाहीत. वाईट वाटतं ते त्याचंच. माझ्या मुलीच्या मिश्र शाळेत आता दोन्ही खेळ आहेत, आणि तिथे पहिल्यांदाच तारखा धडकल्यावर पालकांनी आरडाओरड केली. मला मनातून बरं वाटलं, कबूल करते.

---

मेयोची_माया

कॅसलबारमधून एक चांगली बातमी, कारण धागा फार तक्रारी झालाय.

२९ मार्च २०२५, शनिवार. मॅकहेल पार्कवर कॉनॉक्ट विरुद्ध मन्स्टर. मॅकहेल पार्क मेयो काउंटीचं गेलिक मैदान, तिथे कॉनॉक्टची रग्बी पहिल्यांदाच. सत्तावीस हजारांच्या आसपास लोक. गावात गाडी लावायला जागा नाही, ओळखीच्या प्रत्येक दारात कोणाची तरी गाडी. मन्स्टर जिंकलं ३०-२४, पण रडत कोणी गेलं नाही.

आणि रविवारी, ३० मार्चला, क्रोक पार्कवर मेयो विरुद्ध केरी, फुटबॉल लीगची पहिल्या विभागाची फायनल! मेयो हरली, ते आता आम्हाला नवीन नाही. पण एका काउंटीला एका वीकेंडात हे दोन्ही मिळालं. शनिवारी घरच्या मैदानावर रग्बी आणि रविवारी पहाटे गाड्या डब्लिनला. शनिवारची ती फायनल असती तर मॅकहेल पार्क निम्मं रिकामं राहिलं असतं, आणि रग्बीला मेयोत पाय रोवायला आणखी दहा वर्षं लागली असती.

म्हणून माझं म्हणणं: धडक टाळणं म्हणजे एकमेकांवर उपकार नव्हे. त्यात दोघांचाही गल्ला भरतो.

---

खवचट_काका

गल्ल्यावरून आठवलं. १४ जून २०२५. यूआरसी फायनल, लेन्स्टर विरुद्ध बुल्स, क्रोक पार्क. लेन्स्टर ३२-७ने जिंकलं. प्रेक्षक सेहेचाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे मैदान अर्ध्याच्या थोडं वर. त्याच क्रोक पार्कवर ऑक्टोबर २०२४ मध्ये लेन्स्टर-मन्स्टर सामन्याला ऐंशी हजार होते. फरक कशाने पडला?

जूनचा शनिवार, त्याच दिवशी गेलिक फुटबॉलच्या गटांची शेवटची फेरी. तुलामोरला मीथने केरीला हरवलं, ज्या केरीने पुढे जुलैत करंडकच जिंकला! मीथ म्हणजे लेन्स्टर प्रांत. मीथचा माणूस त्या दिवशी कुठे जाईल? मी तर तुलामोरलाच गेलो असतो. मी जीएएवाला नाही हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

---

कॉर्कवासी

काका, प्रेक्षक कमी होण्यामागे इतरही कारणं आहेत. समोर बुल्स, त्यांचे पाठीराखे प्रिटोरियात. मन्स्टर असलं की अर्धं मैदान आमचं लाल असतं. शिवाय फायनल कुठे होणार ते उपांत्य फेरीनंतरच पक्कं होतं, मोजून आठवडाभर आधी. लांबचे लोक येणार कसे? यात गंमत बघा: वर लिफीकाठ म्हणाले की रग्बीच्या तारखा आधी ठरतात आणि जीएएच्या उशिरा. बाद फेरीत दोघेही एकाच बोटीत.

टीव्हीचा मुद्दा कोणी काढला नाही अजून. २०२३ मध्ये मन्स्टर हर्लिंगचे शनिवार रात्रीचे सामने जीएएगो या पैसे भरून बघायच्या सेवेवर टाकले. लिमरिक-क्लेअर आणि कॉर्क-टिपररी, म्हणजे वर्षातले मोठे सामने. तेव्हाचे उपपंतप्रधान मिहॉल मार्टिन, आमच्याच कॉर्कचे, जाहीरपणे म्हणाले की हे सगळ्यांना फुकट दिसलं पाहिजे. तेव्हा पंतप्रधान लिओ वराडकर. (अवांतर: मालवण तालुक्यातल्या वराड गावचं घराणं. त्यांच्या पहिल्या शपथविधीला आमच्या मंडळात पेढे वाटले होते.) शनिवार रात्र का? कारण रविवारी फुकट दाखवायच्या जागा मोजक्या. म्हणजे रविवारची गर्दी शनिवारवर, आणि शनिवार हा रग्बीचा वार. टीव्हीच्या एका निर्णयाने दोन खेळ एकमेकांच्या अंगावर ढकलले जातात ते असे.

याउलट टीजी४, आयरिश भाषेतली वाहिनी. जीएए लीग पण तीच दाखवते, यूआरसी पण. एकाच कचेरीत दोन्ही असल्यामुळे स्वतःच्याच सामन्यांना स्वतः छेद देणं तिला परवडत नाही. माझ्या मते अर्धं उत्तर इथेच आहे.

---

रिंगण

बायकांच्या बाजूला काय चाललंय ते कोणी विचारेना, म्हणून लिहिते. रग्बी राहू द्या बाजूला, गेलिकच्या घरातच कमोगी (बायकांचं हर्लिंग) आणि लेडीज फुटबॉल या दोन वेगवेगळ्या संस्था. दोघींच्या तारखा एकमेकींवर. कॉर्कच्या रीना बकली आणि ब्रीज कॉर्करी यांनी दोन्ही खेळांत मिळून प्रत्येकी १८ ऑल-आयर्लंड पदकं घेतली. त्यांच्यानंतर दोन्ही खेळ वरच्या पातळीवर खेळणाऱ्या मुली कमी होत गेल्या, कारण एका दिवशी दोन ठिकाणी शरीर नेता येत नाही. २०२७ पर्यंत जीएएसकट तिन्ही संस्था एकत्र करायचं ठरलंय. एकत्र होऊनही तारखा धडकल्या तर मग कोणाला बोल लावणार, हे बघण्यासारखं असेल.

त्यात आता रग्बीचीही भर. लिंडसे पीट डब्लिनकडून २०१० मध्ये गेलिक फुटबॉलची ऑल-आयर्लंड जिंकली आणि मग आयर्लंडची रग्बी खेळाडू झाली. हे एका खेळातून दुसऱ्यात जाणं झालं. दोन्ही एकाच वेळी, ते आता जवळजवळ संपलंच.

---

लिफीकाठ

@रिंगण, हेच मला मांडायचं होतं. धन्यवाद.

लहान वयात अडचण नसते. आमच्या भागात गेलिकची अकादमी शनिवारी सकाळी, रग्बीचे मिनी रविवारी सकाळी. पोरं दोन्हीकडे चिखलात लोळतात, आईबाप दोन्हीकडे थर्मासमधला चहा पितात. आपल्या मराठी पोरांसाठी तर याहून चांगली सोय नाही. शाळेत कोणी ओळखत नसतं तेव्हा क्लबमध्ये ओळख होते, आणि बापाला गावात पहिली 'हाय' मिळते ती तिथेच.

मग तेरा-चौदा वर्षांचा झाला की रग्बी शाळेकडे जाते. मधल्या वारी सराव, शनिवारी सामने, फेब्रुवारी-मार्चमध्ये स्कूल्स कप. तिकडे गेलिक क्लबची लीग त्याच मार्चमध्ये सुरू. दोन्ही प्रशिक्षक चांगली माणसं, स्वयंसेवक, पगार नाही. दोघेही म्हणतात 'आमच्याकडून दबाव नाही'. आणि दोघेही पुढच्या सामन्यात न आलेल्याला बाकावर बसवतात. यात दुष्ट कोणी नाही, पण पोरगं पंधराव्या वर्षी एक खेळ सोडतं, आणि तो आवडत नाही म्हणून सोडत नाही. दुखापतीचा प्रश्न वेगळाच. आठवड्यात दोन संघांचे मिळून चार-पाच सराव आणि दोन सामने, गुडघे काय म्हणणार?

क्रोक पार्क आणि अव्हिवा (नवं लॅन्सडाउन रोड) यांच्यात कोणी समेट घडवला तर आनंदच आहे. पण मला हवाय तो समेट आमच्या गावातल्या दोन हिरवळींमधला. त्यांच्यात एका रस्त्याचं अंतर आहे.

---

खवचट_काका

पंधराव्या वर्षी निवड करावी लागते, त्यात एवढं काय? आमच्या वेळी दहावीला सगळंच बंद व्हायचं.

---

डॉकीची_अनुजा

काका, त्याचंच दुःख आहे ना! :)

@लिफीकाठ, आमच्या दोन क्लबांत एक साधी गोष्ट झाली, सांगते. पालकांपैकी एकीने दोन्हीकडच्या प्रशिक्षकांना एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, फक्त चौदा आणि पंधरा वर्षांखालच्या संघांपुरतं. मुलांना नाही, बाकीच्या पालकांना नाही. नियम दोनच: कपचा सामना असेल तो आधी, साधा लीग सामना मागे, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी दुसऱ्याने सराव घ्यायचा नाही. तारीख कळली की त्याच दिवशी ग्रुपवर टाकायची. मार्चमध्ये एकदोनदा तणातणी झाली, शाळेचा सामना आयत्या वेळी पुढे गेला होता. पण पोरांनी दोन्ही खेळ चालू ठेवलेत.

वरच्या संघटनांना विचारत बसले असते तर अर्ज कोणाकडे करायचा इथेच वर्ष गेलं असतं.

---

शॅननकाठची

हे आमच्याकडे चालेल का माहीत नाही, लिमरिकचे प्रशिक्षक एका ग्रुपवर आले तर मेसेज कमी आणि टोमणे जास्त. पण करून बघते. अनुजा, शाळेचा प्रशिक्षकही त्याच ग्रुपवर होता का, की फक्त क्लबचे?

---

डॉकीची_अनुजा

शाळेचा पहिल्या वर्षी नव्हता, तिथेच सगळं अडलं. दुसऱ्या वर्षी घेतला. शाळेचे सामने बुधवारी की शनिवारी हे त्यालाच आधी कळतं, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करा. नियमांचा मजकूर व्यनि करते.